परमुलुखांतील सैनिकांचे धर्मार्थ गोल्फ-सामने

युद्धविषयक ग्रंथांत सैनिकाची शिस्त, त्याचीं शस्त्रें आणि त्याच्या मोहिमा ह्यांचें वर्णन विपुल असतें. परंतु सैनिकाच्या फुरसतीच्या वेळाचें काय होतें ह्याविषयीं फारच थोडें लिहिलेलें आढळतें. वास्तविक लढण्याचे दिवस थोडे आणि वाट पाहण्याचे दिवस फार, हाच सैनिकाच्या आयुष्याचा सर्वकाळचा अनुभव आहे. स्वदेशापासून हजारों मैल दूर, परक्या भाषेच्या लोकांत, कुंपणाच्या आंत राहणाऱ्या तरुणाला ही फुरसत विशेष जड जाते. ती मद्यपानांत व जुगारांत गेली, तर त्याच्या शीलाचा नाश होतोच, परंतु भोवतालच्या गांवांतील निरपराध लोकांनाहि त्याचे चटके बसतात. म्हणून सर्व शहाण्या सेनापतींनीं आपल्या तळांवर खेळांस उत्तेजन दिलेलें आहे. ह्या खेळांपैकीं गोल्फ ह्या खेळाचा अलीकडच्या काळांत एक निराळाच उपयोग होऊं लागला. सैनिक आपसांत गोल्फचे सामने भरवितात आणि त्यांचें उत्पन्न अनाथ मुलें, मृत सोबत्यांचीं कुटुंबें, जखमी सैनिक इत्यादिकांच्या साहाय्यार्थ देतात. ह्या प्रथेची माहिती करून घ्यावी, आणि तिच्या अनुषंगानें एका महत्त्वाच्या प्रश्नाचा विचार करावा, असा ह्या लेखाचा हेतु आहे. तो प्रश्न असा कीं, मौजेच्या खेळांतून मिळालेल्या पैशास परोपकार हें थोर नांव केव्हां शोभतें?

खेळाची तोंडओळख

आपल्यापैकीं बहुतेकांनीं विटीदांडू खेळलेला असतो, क्रिकेट पाहिलेलें असतें. परंतु गोल्फचें मैदान फारच थोड्यांनीं पाहिलेलें असेल. म्हणून प्रथम खेळाचें स्वरूप सांगणें अवश्य आहे. गोल्फच्या पूर्ण मैदानाचे अठरा भाग असतात. प्रत्येक भागाच्या एका टोकास चेंडू मारण्याची जागा व दुसऱ्या टोकास अगदीं बारीक कापलेल्या हिरवळींत एक खळगा असतो. ह्या खळग्याचा व्यास अवघा सव्वाचार इंच असतो. चेंडूचें वजन १.६२ औंसांपेक्षां अधिक असूं नये, व त्याचा व्यास १.६८ इंचांपेक्षां कमी असूं नये, असा नियम आहे. निरनिराळ्या आकारांच्या काठ्यांनीं चेंडूस टोले मारीत मारीत तो खळग्यांत नेऊन पाडावयाचा, आणि हें काम जो कमींत कमी टोल्यांत करील तो जिंकला, एवढेंच ह्या खेळाचें सार होय. मधल्या वाटेंत झाडें, उंच गवत, वाळूचे खड्डे व पाण्याचीं डबकीं असतात. तीं चुकविण्यांतच खेळाडूचें कौशल्य दिसतें.

ह्या खेळाचा एक विशेष मात्र विद्यार्थ्यांनीं नीट ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. क्रिकेटमध्यें पंच असतो, फुटबॉलमध्यें शिट्टी वाजविणारा असतो. परंतु गोल्फचें मैदान इतकें विस्तीर्ण असतें कीं प्रत्येक खेळाडूमागें पंच ठेवणें शक्यच नसतें. सोबतचे खेळाडू टोल्यांची नोंद ठेवतात हें खरें; तथापि गवतांत चेंडू किंचित् हलला कीं नाहीं, हें बहुधा एकट्या खेळणाऱ्यासच ठाऊक असतें. सन १९२५ मध्यें अमेरिकेच्या राष्ट्रीय खुल्या सामन्यांत बॉबी जोन्स ह्या प्रसिद्ध खेळाडूच्या चेंडूस टोला मारण्यापूर्वींच धक्का लागला, असें त्याला वाटलें. तें दुसऱ्या कोणीहि पाहिलें नव्हतें. त्यानें आपण होऊन स्वतःवर एका टोल्याचा दंड लावून घेतला. ठरलेल्या ७२ खळग्यांअखेर त्याचे व विली मॅक्फर्लेन ह्याचे टोले सारखे झाले, आणि पुढें जादा खेळलेल्या निर्णायक सामन्यांत जोन्स हरला. तो दंड त्यानें लावून घेतला नसता, तर राष्ट्रीय विजेतेपद त्याचेंच होतें. अशा रीतीनें आपला पंच आपणच होणें हा गोल्फचा आत्मा आहे. पुढें निधीच्या हिशेबाचा विचार करतांना ह्या गोष्टीची आपल्याला आठवण होईल.

धनुर्विद्येचा शत्रु सैनिकांचा मित्र कसा झाला

गोल्फचें मूळ स्थान स्कॉटलंड. सैनिकांशीं त्याचा पहिला संबंध मात्र मोठा चमत्कारिक आहे. सन १४५७ मध्यें राजा दुसरा जेम्स ह्याच्या कारकीर्दींत तेथील पार्लमेंटानें गोल्फ व फुटबॉल ह्या दोन्ही खेळांस मनाई केली. कारण असें कीं, इंग्लंडशीं युद्धाचा प्रसंग वारंवार येत असतां तरुण लोक धनुर्विद्येचा अभ्यास सोडून ह्या खेळांत वेळ घालवूं लागले होते. पुढें १५०२ सालीं दोन्ही राज्यांत तह झाला. त्याच वर्षीं चौथा जेम्स राजा ह्यानें पर्थ येथील एका धनुष्यें करणाऱ्या कारागिराकडून गोल्फच्या काठ्या विकत घेतल्याची नोंद दरबारी हिशेबांत आढळते. ज्या हातांनीं धनुष्यें घडविलीं, त्याच हातांनीं त्यांच्या वैरी खेळाचीं साधनें घडवावीं, हा योगायोग मनोरंजक खराच! गोल्फचे पहिले लेखी नियम १७४४ सालीं एडिंबरोजवळील लीथ येथें झाले. ते केवळ तेरा होते.

पुढें ब्रिटिश व्यापारी, अधिकारी व पलटणी जेथें जेथें गेल्या, तेथें तेथें हा खेळ गेला. आपल्या देशांत कलकत्त्यास १८२९ मध्यें व मुंबईस १८४२ मध्यें गोल्फचे क्लब निघाले; ब्रिटिश बेटांबाहेरील अत्यंत जुन्या क्लबांत त्यांची गणना होते. विसाव्या शतकांत दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेचे लष्करी तळ जगभर पसरले, आणि त्यांच्याबरोबर गोल्फचीं मैदानेंहि पसरलीं. जपानांत ओकिनावा बेटावरील कादेना विमानतळावर 'बॅनियन ट्री', म्हणजे वटवृक्ष, ह्या नांवाचें मैदान आहे. टोकियोजवळ तामा टेंकड्यांत, जेथें पूर्वीं जपानी लष्कराचा दारूगोळ्याचा सांठा असे, तेथें अमेरिकन सैनिकांसाठीं अठरा खळग्यांचें मैदान झालें. जर्मनींत वीसबाडेन येथें, आणि क्यूबा बेटावरील ग्वांतानामो येथेंहि अशीं मैदानें आहेत.

सैनिकाला हा खेळ किती प्रिय होतो ह्याचीं दोन उदाहरणें देण्यासारखीं आहेत. दुसऱ्या महायुद्धांत सागान येथील जर्मन बंदिवासांत असलेल्या ब्रिटिश वैमानिकांना कोठून तरी एक जुनी काठी मिळाली. त्यांनीं रबराचे तुकडे गुंडाळून त्यांवर जोड्यांचें कातडें शिवलें व चेंडू तयार केले. आणि हिरवळीच्या ऐवजीं वाळू सारखी करून तारेच्या कुंपणाच्या आंत मैदान आंखलें. त्या कैद्यांपैकीं पॅट वॉर्ड-थॉमस हा पुढें 'गार्डियन' ह्या विख्यात इंग्रजी दैनिकाचा गोल्फविषयक बातमीदार झाला. दुसरें उदाहरण कोरिया देशांतील. उत्तर व दक्षिण कोरियांमधील निर्लष्करी पट्ट्याच्या दक्षिण सीमेलगत बोनिफास नांवाची छावणी आहे. १९७६ च्या ऑगस्ट महिन्यांत तेथील संयुक्त पहाऱ्याच्या हद्दींत एक झाड छाटण्याच्या निमित्तानें तंटा होऊन ज्या दोन अमेरिकन अधिकाऱ्यांना उत्तर कोरियाच्या सैनिकांनीं ठार केलें, त्यांपैकीं कॅप्टन बोनिफास ह्याचें नांव तिला पुढें देण्यांत आलें. त्या छावणींत एकाच खळग्याचें, १९२ यार्ड लांबीचें मैदान करण्यांत आलें, आणि त्याच्या तीन बाजूंस जमिनींत सुरुंग पेरलेले होते! गवतांत गेलेला चेंडू आणावयास कोणीहि जाऊं नये, अशी सूचनेची पाटीच तेथें लाविलेली होती. मृत्यु इतका निकट असतांहि मनुष्य खेळतो. किंबहुना मृत्यु निकट असतो म्हणूनच मनाचा तोल राखण्यास त्याला खेळाची गरज भासत असावी.

खेळांतून साहाय्य

खेळाच्या उत्पन्नांतून सैनिकांच्या कुटुंबांना मदत करण्याची कल्पना कांहीं आजची नव्हे. अमेरिकेच्या आरमारांतील लोकांच्या विधवा व मुलें ह्यांच्यासाठीं १९०४ मध्यें जी साहाय्यसंस्था स्थापन झाली, तिचें प्रारंभींचें भांडवल लष्करी व आरमारी विद्यालयांमधील फुटबॉलच्या सामन्याच्या उत्पन्नांतून आलें होतें. पहिल्या महायुद्धांत गोल्फहि ह्या कामास लागला. अमेरिका युद्धांत पडल्यावर तेथील राष्ट्रीय सामने बंद ठेवण्यांत आले, आणि चांगले चांगले खेळाडू गांवोगांवीं जाऊन रेड क्रॉसच्या निधीसाठीं प्रदर्शनाचे सामने खेळूं लागले. त्यांत वर उल्लेखिलेला बॉबी जोन्स होता. त्या वेळीं तो पंधरा-सोळा वर्षांचा, म्हणजे आपल्या शाळेंतील वरच्या वर्गांतील मुलाएवढाच होता. त्याच्याबरोबर अलेक्सा स्टर्लिंग ही १९१६ सालची स्त्रियांची राष्ट्रीय विजेतीहि खेळत असे. दुसऱ्या महायुद्धांत, १९४२ च्या जून महिन्यांत, शिकागो येथें मोठा सामना झाला. तो बेन होगन ह्यानें जिंकला, आणि त्याचें उत्पन्न आरमारी साहाय्यसंस्थेस व सैनिकांच्या करमणुकीची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेस देण्यांत आलें.

हे सामने नामांकित खेळाडूंचे होते. प्रेक्षक पैसे देऊन ते पाहत असत. पुढें निराळी रीत आली. सामान्य सैनिकच खेळणारे, तेच पैसे देणारे आणि तेच व्यवस्था पाहणारे झाले. २००७ मध्यें डॅन रूनी नांवाच्या लढाऊ विमानाच्या वैमानिकानें, जो स्वतः धंदेवाईक गोल्फशिक्षकहि होता, मृत व अपंग सैनिकांच्या पत्नी आणि मुलें ह्यांना शिष्यवृत्त्या देण्यासाठीं 'फोल्ड्स ऑफ ऑनर' ही संस्था काढली. तिच्या कार्याचा मोठा आधार गोल्फचे सामने हाच आहे. परदेशांतील तळांवर असे सामने आतां नेहमींचेच झाले आहेत.

सामन्याची व्यवस्था

असा सामना भरविण्यांत किती विचार लागतो हें पाहण्यासारखें आहे. प्रथम तळाच्या मुख्य अधिकाऱ्याची परवानगी लागते. लष्करी तळ हा सरकारी असल्यामुळें तेथें कोणासहि वाटेल त्या कारणासाठीं पैसा जमवितां येत नाहीं. नंतर निधि कोणास द्यावयाचा हें ठरवून तें सर्वांना आगाऊ कळविण्यांत येतें. मग स्वयंसेवकांच्या लहान लहान मंडळ्या होतात. एक नोंदणी करते, दुसरी भोजनाची व्यवस्था पाहते, तिसरी बक्षिसें जमविते आणि चौथी हिशेब ठेवते.

खेळण्याची पद्धतहि मुद्दाम सोपी केलेली असते, कारण येणाऱ्यांपैकीं अनेकांनीं काठी फारशी हातीं धरलेली नसते. चौघांचा एक संघ करतात. चौघेहि पहिला टोला मारतात; ज्याचा चेंडू सर्वांत चांगल्या जागीं पडला असेल, तेथून चौघेहि दुसरा टोला मारतात; आणि असेंच खळग्यापर्यंत चालतें. ह्यामुळें नवशिक्याच्या चुका झांकल्या जातात, आणि कधीं कधीं त्याचाच एखादा भाग्यवान् टोला सर्व संघास उपयोगी पडतो. एका खळग्यावरून एकामागून एक संघ सोडीत बसलें तर दिवस पुरणार नाहीं. म्हणून अठरा खळग्यांवर अठरा संघ उभे करून एकाच इशाऱ्यासरशी सर्वांना खेळ सुरू करावयास सांगतात. ह्याप्रमाणें ७२ माणसें एकाच वेळीं खेळूं लागतात, आणि साधारणतः एकाच वेळीं खेळ संपवून एकत्र भोजनास बसतात.

ह्या भोजनाच्या पंक्तींत साधा शिपाई व वरिष्ठ अधिकारी शेजारीं शेजारीं बसतात. मैदानावर तर कित्येकदां शिपायाच्या टोल्यावर अधिकाऱ्याची भिस्त असते. हा लाभ लहान नव्हे. परंतु ह्याच ठिकाणीं एक धोकाहि आहे. वरिष्ठानें वर्गणीची यादी घेऊन हाताखालच्या मनुष्यापुढें उभें राहावें, आणि त्यानें नाहीं म्हणण्याचें धैर्य नसल्यामुळें खिशांत हात घालावा, ह्यास दान म्हणतां येत नाहीं. तो एक प्रकारचा करच झाला. म्हणून अमेरिकेच्या सरकारी नोकरांच्या आचारनियमांत अशी स्पष्ट मनाई आहे कीं, वरिष्ठानें आपल्या हाताखालील मनुष्याकडे निधीसाठीं स्वतः पैसे मागूं नयेत. ज्या संस्थेंत हुकूम मोडणें हा गुन्हा मानला जातो, तेथें दानाला हुकुमापासून दूर ठेवणें किती अगत्याचें आहे, हें निराळें सांगावयास नको.

हिशेबाचा धडा

आतां पैशाकडे वळूं. पुढील आंकडे केवळ उदाहरणादाखल घेतलेले आहेत. परंतु त्यांवरून असल्या सामन्याचें अर्थशास्त्र स्पष्ट होईल. समजा, ७२ खेळाडूंनीं प्रत्येकीं ५० डॉलर वर्गणी दिली. एकूण ३,६०० डॉलर झाले. मैदानाचें भाडें दर माणशीं २५ डॉलर, म्हणजे १,८०० डॉलर. भोजन दर माणशीं ८ डॉलर, म्हणजे ५७६ डॉलर. बक्षिसांस ३०० डॉलर. एकूण खर्च २,६७६ डॉलर झाला आणि शिल्लक राहिले ९२४ डॉलर. म्हणजे खेळाडूनें दिलेल्या प्रत्येक डॉलरांतील जेमतेम चौथा हिस्सा अनाथाच्या हातीं पडला. उरलेले तीन हिस्से खेळाडूच्याच करमणुकींत गेले.

ही स्थिति सुधारण्यासाठीं व्यवस्थापक इतर मार्ग योजतात. प्रत्येक खळग्यापाशीं एखाद्या आश्रयदात्याच्या नांवाची पाटी लावून त्याबद्दल देणगी घेतात. अशा अठरा पाट्यांचे प्रत्येकीं १०० डॉलर आले, तर १,८०० डॉलर होतात. ज्याचा टोला चुकला असेल, त्याला पांच डॉलर भरून तो पुन्हां मारण्याची मुभा देतात. प्रत्येकानें अशा दोन मुभा घेतल्या तर आणखी ७२० डॉलर येतात. आतां एकूण जमा ६,१२० डॉलर, खर्च तोच २,६७६ डॉलर, आणि शिल्लक ३,४४४ डॉलर. म्हणजे जमेच्या निम्म्याहून थोडा अधिक भाग खऱ्या कामास लागला. कांहीं सामन्यांत एकाच टोल्यांत चेंडू खळग्यांत घालणारास मोटारगाडीसारखें मोठें बक्षीस लावतात. तें ऐकून आश्चर्य वाटेल. परंतु हौशी खेळाडूच्या हातून असा टोला साधण्याचा संभव सुमारें १२,५०० त एक इतकाच मानतात, आणि व्यवस्थापक त्या बक्षिसाचा विमा उतरवून ठेवतात, त्यामुळें निधीस धोका पोंचत नाहीं.

ह्या गणितापासून घ्यावयाचा बोध असा. सामन्यानंतर फलकावर "६,१२० डॉलर जमले" असें लिहिलें तर तें खोटें नव्हे, परंतु तें पुरतें खरेंहि नव्हे. "खर्च वजा जातां ३,४४४ डॉलर दिले" असें लिहिणें हें सत्य होय. गवतांत हललेल्या चेंडूबद्दल जोन्सनें स्वतःवर दंड लावून घेतला, त्याच वृत्तीनें निधीचा चिटणीस हिशेब लिहील, तरच दात्यांचा विश्वास टिकेल. दोन्ही ठिकाणीं पाहणारा कोणी नसतो आणि दोन्ही ठिकाणीं मोह सारखाच असतो.

येथें कोणी विचारील, "मग हा खेळाचा खटाटोप कशाला? प्रत्येकानें पन्नास डॉलर सरळ दानपेटींत टाकावेत, म्हणजे सगळेच्या सगळे गरजूला मिळतील." हा आक्षेप खोडून काढण्यासारखा नाहीं, आणि तो खोडून काढण्याची आवश्यकताहि नाहीं. ज्याला सरळ देतां येतें त्यानें सरळच द्यावें. तोच श्रेष्ठ मार्ग. परंतु मनुष्यस्वभाव असा आहे कीं, ज्यानें एरवीं कांहींच दिलें नसतें, तो सोबत्यांच्या संगतीनें व खेळाच्या ओढीनें येतो, कांहीं देतो, आणि कोणासाठीं देतों हें तेथें प्रथमच ऐकतो. आज खेळासाठीं आलेला उद्यां कामासाठीं येण्याचा संभव असतो. आक्षेपाचें खरें उत्तर व्यवस्थापकाच्या हातीं आहे. त्यानें खर्च जितका कमी ठेवावा, तितकें आक्षेपाचें बळ कमी होतें.

मैदान कोणाचें, आणि कुंपणाबाहेर कोण?

एवढ्यानें विचार पुरा होत नाहीं. परदेशांतील तळावरचा सामना म्हटला कीं आणखी एक गोष्ट पाहावी लागते. ती म्हणजे ज्या भूमीवर हा खेळ चालतो ती भूमि. जपानच्या एकंदर क्षेत्रफळापैकीं ओकिनावा प्रांताचा वांटा एक शतांशाहूनहि कमी आहे. पण त्या देशांत केवळ अमेरिकन सैन्याच्या वापरासाठीं दिलेल्या जागेपैकीं सुमारें ७० टक्के जागा त्या एका प्रांतांत आहे. तेथील लोकांच्या मनांत ह्याविषयीं शल्य असावें ह्यांत नवल नाहीं. ज्या बेटावर जमिनीची इतकी टंचाई, तेथें चेंडू मारण्यासाठीं एवढें रान अडवावें काय, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. कांहीं मैदानें परतहि देण्यांत आलीं. ओकिनावांतील आवासे येथील मैदान २०१० मध्यें परत मिळालें, आणि २०१५ मध्यें त्या जागीं मोठी बाजारपेठ उघडली. दक्षिण कोरियाची राजधानी सोल येथील योंगसान भागांत अमेरिकन सैन्याचें जें मैदान होतें, तें परत मिळाल्यावर तेथें १९९२ मध्यें सर्व लोकांसाठीं उद्यान झालें, आणि त्याच्या शेजारीं २००५ मध्यें कोरियाचें राष्ट्रीय वस्तुसंग्रहालय उघडलें.

अशा भूमीवर सामना खेळून मिळालेला पैसा केवळ आपल्याच लोकांस दिला, तर त्यांत पाप नाहीं. मृत सोबत्याच्या मुलांना शिकविणें हें सैनिकाचें कर्तव्यच आहे. परंतु कुंपणाच्या बाहेर राहणाऱ्या शेजाऱ्याचा विसर पडला, तर त्या परोपकारांत कांहीं उणें राहतें. कुंपणाबाहेर पाहणाऱ्या सैनिकांचें एक उदाहरण जपानच्याच इतिहासांत आहे. त्याचा गोल्फशीं संबंध नाहीं. परंतु सैनिकांच्या दानाचा विचार त्यावांचून अपुरा राहील.

सन १९४९ च्या नाताळांत अमेरिकेच्या २७ व्या पायदळ रेजिमेंटांतील कांहीं शिपाई ओसाका येथील एका अनाथाश्रमांत गेले. जपान त्या वेळीं पराभूत होता, आणि हे शिपाई विजयी सैन्याचे होते. त्यांच्यांत ह्यू ओरायली नांवाचा एक सार्जंट होता. जपानी लोकांविषयीं युद्धकाळापासून त्याच्या मनांत कडवटपणा होता. भगिनीवर्गाच्या देखरेखीखालीं राहणारीं तीं मुलें त्यानें पाहिलीं, त्यांच्या राहण्याची दैन्यावस्था पाहिली, आणि त्याचें मन पालटलें. पगाराच्या दिवशीं तो आपल्या सोबत्यांपुढें उभा राहिला व त्यानें मुलांसाठीं पैसे गोळा केले. पुढें दर पगारास ही वर्गणी होऊं लागली. १९५० मध्यें ती रेजिमेंट कोरियाच्या युद्धावर गेली. तेथील रणभूमीवरूनहि ओसाकाच्या मुलांसाठीं पैसे येत राहिले. ज्यांना स्वतःच्या उद्यांची शाश्वती नव्हती, त्यांनीं परक्यांच्या, नव्हे कालपर्यंतच्या शत्रूंच्या, मुलांच्या उद्यांची चिंता वाहिली. १९५७ पासून त्या अनाथाश्रमांतील मुलांना हवाई बेटांत बोलावून सैनिकांच्या घरीं पाहुणे म्हणून ठेवण्याची प्रथा पडली, आणि ती अनेक दशकें चालली. सार्जंट ओरायली ह्यानें पुढें जपानी स्त्रीशींच विवाह केला. त्याच्या ह्या कथेवर १९५५ मध्यें अमेरिकेंत चित्रपटहि निघाला.

ह्या शिपायांजवळ मैदान नव्हतें, बक्षिसें नव्हतीं, आश्रयदात्यांच्या पाट्या नव्हत्या. पगाराची एक थाळी फिरली एवढेंच. म्हणून गोल्फचा सामना भरविणाऱ्या प्रत्येक तळानें ओसाकाची ही गोष्ट समोर ठेवावी. थाळींत पडलेला सगळाच्या सगळा पैसा मुलांस मिळे; सामन्यांतून मुलांस जें मिळतें, तें त्या मानानें किती, हें तीवरून मोजतां येतें.

तीन कसोट्या

आतां प्रारंभीं विचारलेल्या प्रश्नाकडे परत येऊं. खेळांतून मिळालेल्या पैशास परोपकार हें नांव शोभण्यासाठीं तीन कसोट्या पुरेशा आहेत, असें वाटतें. पहिली: देणाऱ्यानें तो आपखुषीनें दिला काय? वरिष्ठाच्या भीतीनें किंवा सोबत्यांच्या लाजेनें दिलेला पैसा निधीची रक्कम वाढवील, पण देणाऱ्याच्या मनांत दानाची आवड उत्पन्न करणार नाहीं. दुसरी: जमलेल्या पैशापैकीं गरजूच्या हातीं किती पडला, आणि तें उघडपणें सांगितलें काय? तिसरी: ज्यांच्या गांवांत, ज्यांच्या भूमीवर आपण खेळलों, त्यांची आठवण आपण ठेवली काय?

विद्यार्थिमित्रहो, लष्करी तळावर जाण्याचा योग आपल्यापैकीं फारच थोड्यांना येईल, आणि गोल्फची काठी हातीं धरण्याचा त्याहूनहि थोड्यांना. तथापि दुष्काळनिधीसाठीं, पूरग्रस्तांसाठीं किंवा गरीब विद्यार्थ्यांच्या पुस्तकांसाठीं आपल्या शाळेंत कधीं क्रिकेटचा सामना होतो, कधीं नाटक होतें, कधीं तिकिटें खपवावीं लागतात. त्या वेळीं ह्याच तीन कसोट्या आपल्या हातीं असूं द्या. वर्गांतील जो मुलगा पैसे देऊं शकत नाहीं, त्याला लाज वाटेल अशा रीतीनें यादी वाचूं नका. त्याला मैदान आंखण्याचें किंवा पाणी देण्याचें काम सांगा, म्हणजे त्याचाहि वांटा होईल. तिकिटांच्या विक्रींतून मंडप, चहा व बक्षिसें ह्यांचा खर्च वजा करून उरलेली खरी रक्कम सूचनाफलकावर लिहा. ती लहान असली तरी लिहा. आणि शाळेच्या भिंतीपलीकडे जें घर आहे, ज्याच्या छपरावर आपला चेंडू वरचेवर पडतो, त्या घराला कांहीं उणें आहे काय, हेंहि एकदां विचारून पाहा.